दाब… धर… सोड

शैले, ये अशी जवळ. लांबून ऐकू नकोस, आणि मधेमधे "आई, पुरे गं" म्हणू नकोस. कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये तुझा संसार असला, तरी लेकीचा कान पिळायचा माझा हक्क अजून गेलेला नाही. आत्याच्या पुण्यानुमोदनाला आलीस, पांढरी साडी नेसून वंदनेला बसलीस, जेवलीस आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. अंगणातल्या आत्याच्या गाडीकडं मान वळवून बघितलंससुद्धा नाहीस. आणि वर आठ दिवसांनी शेजारणीच्या फोनवर काय सांगतेस, तर "आई, ते धूड भंगारात घाल एकदाचं." असं बोलतात होय गं? फोनवर मला काही बोलता येईना. शेजारीण दारात उभी, आणि मला एक गोष्ट सांगायला दहा गोष्टी सांगाव्या लागतात, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून कागद घेऊन बसले. रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसाच्या आठवणी छापतात, तिथं पाठवणार आहे. आत्याबद्दल जे बोललं गेलं ते चार लोकांत बोललं गेलं, तर पुसायचं तेही चार लोकांतच पुसायला हवं.

पाच आठवडे होतील आता. सकाळी साडेसातला मी नाचणीची पेज डब्यात ओतत होते. झाकण काही केल्या बसेना, तेवढ्यात शेजारीण दवाखान्यातून आलेल्या फोनचं सांगायला आली. तिचं तोंड बघूनच कळलं. तरी मी ते झाकण दाबून बसवलंच, डबा पिशवीत घातला आणि दवाखान्यापर्यंत घेऊन गेले. का नेला, विचारशील तर सांगता येणार नाही. ज्या दवाखान्यात तुझ्या आत्यानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सलाइनी लावल्या, तिथंच त्यांना चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. पेज तशीच परत आणली. फार दमले होते त्या दिवशी. अजूनही ते दमणं काही उतरलेलं नाही…

वाचणाऱ्यांना सांगायला हवं, सुशीला ही माझी नणंद. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण मी लग्न होऊन आले ती त्यांना 'वन्सं' म्हणत आले आणि 'तुमी' म्हणत आले. त्या मला 'वैनी' म्हणायच्या आणि 'तू' म्हणायच्या. सासरे एसटीच्या वर्कशॉपला होते. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी पोरीला सांगायचे, आज कुठल्या गाडीचं काय निघालं. बाकीची भावंडं पळायची, ही ऐकत बसायची. पुढं नर्सिंग केलं, लग्न केलं, दोन वर्षांत सासर सोडून माहेरी आल्या. का आल्या ते लिहिण्यासारखं नाही. आल्या त्या आमच्या मिरजेच्या घरात राहिल्या. नणंद-भावजयीत जेवढं व्हायचं तेवढं आमच्यातही झालं. दोन-दोन दिवस बोलायचं नाही, मग मीठ मागायच्या निमित्तानं बोलायचं.

नव्वद साल उलटलं तेव्हा दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नवी छोटी गाडी घेतली. त्यांची जुनी अँबॅसिडर कंपाउंडात लिंबाखाली पडून होती. टपावर कावळ्यांची घाण, आत मांजरीची पिल्लं. वन्संनी ती मागून घेतली. पिल्लं वॉचमनच्या हवाली केली आणि ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधून गाडी आमच्या अंगणात आणली. शैलाचे अण्णा पायरीवर पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "सुशे, हिला पाळायची हाय का पुरायची?"

"दादा, तुमी पेपर वाचा," वन्सं म्हणाल्या. "ह्याच गाडीतनं तुमाला कोयनेचं धरण दाखिवते."

सुट्टीच्या दिवशी तेच काम. अंगणात तरट अंथरायचं, एकेक वस्तू खोलायची, रॉकेलमध्ये धुवायची, आणि दवाखान्यानं टाकून दिलेल्या पोचे पडलेल्या ट्रेमध्ये नट-बोल्ट ओळीनं मांडायचे, ऑपरेशनची हत्यारं मांडावीत तसे. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. समोरचे पवारमामा रोज चौकशी करायचे, "काय सिस्टर, पेशंट वाचणार का?" वन्सं गाडीखालूनच म्हणायच्या, "वाचतोय की. तुमीच बिडी सोडा, न्हाईतर तुमच्या आधी हाच घरी जाईल." आठ महिन्यांनी गाडी चालू झाली तेव्हा पवारमामांनीच पेढे वाटले. पुढं काय काय केलं त्यांनी! पायाखाली डांबर आणि तरट घालून आवाज कमी केला. भंगारवाल्याकडून कुठल्याशा जीपचे पट्टे आणून पुढच्या दोन्ही सीटला लावले. तेव्हा पट्टा बांधून गाडीत बसणारी माणसं आमच्या गल्लीनं पाहिलेली नव्हती. अण्णा म्हणायचे, "सुशी मला विमानात बसवतीया."

एक काम मात्र एकट्यानं होत नाही. ब्रेकची हवा काढायचं. मला मेलीला गाडीतलं काही कळत नव्हतं, चौथी शिकलेली बाई मी, पण हे काम मी इतक्या वेळा केलंय की झोपेत सांगेन. ब्रेकच्या नळीत तेल असतं. चाकाजवळ काही खोलाखोली केली की नळीत हवा शिरते, आणि हवा राहिली तर पायाखालचा ब्रेक मऊ पडतो, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला एकानं आत बसून पायानं ब्रेक दाबायचा आणि एकानं चाकाशी झोपून तिथला छोटा स्क्रू सोडायचा. त्याला नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचं. वन्संची नळी सलाइनची, बाटलीही सलाइनची. बुडबुडे अडकले की नळीला बोटानं टिचकी मारायच्या, वॉर्डात मारायच्या तशीच. म्हणायच्या, "वैनी, शिरेत हवा गेली तर माणूस जातंय, हितं हवा गेली तर गाडीभर माणसं जात्यात."

आत मी. पाय पुरायचा नाही म्हणून पाठीशी उशी. आणि खालून हुकूम.

"दाब… धर… सोड."

'धर' आणि 'सोड' ह्यांच्या मधेच सगळा खेळ. तेवढ्यात त्या स्क्रू उघडून परत घट्ट करायच्या. स्क्रू उघडा असताना पाय उचलला, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत.

आता ऐक, शैले. तुला सातवा महिना होता आणि बाळंतपणाला आणायचं होतं. एसटीनं नको, गाडीनंच आणू म्हणून वन्संनी हट्ट धरला, त्यावरून माझी-त्यांची सकाळीच जुंपली होती. मी म्हटलं, "पोर माझी हाय, वन्सं."  मागच्या चाकातली रबरं त्यांनी नवी घातली होती, म्हणून हवा काढायची होती. मी फुगलेलीच जाऊन बसले. तीन चाकं झाली. शेवटचं चाक आलं. गॅसवर मी तुझ्याचसाठी शेंगदाणे भाजायला ठेवले होते, चटणी न्यायची होती. "धर" म्हणाल्या. मी धरलं. आणि तेवढ्यात जळका वास आला…

मी पाय उचलला. सोड म्हणायच्या आत उचलला आणि आत पळाले. शेंगदाणे काळे पडले होते. परत येऊन बसले, गुपचूप पाय ठेवला. खालून स्क्रू आवळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "झालं वैनी. जा तू." मी गेले. मनात आलं, सांगावं. पण सांगितलं की परत सगळं पहिल्यापासून, आणि सकाळच्या भांडणानं तोंड कडू झालेलं. एवढ्याशानं काय होतंय, म्हटलं.

कोयनानगरला जाताना काही कळलं नाही. धरणही बघितलं अण्णांनी. दुसऱ्या दिवशी तुला मागं माझ्याशेजारी बसवून निघालो. उतार लागला, वळणामागून वळणं, आणि वन्सं ब्रेकवर पाय मारतात तो पाय खालपर्यंत जायला लागला.  गिअर खाली, अजून खाली, हँडब्रेक ओढला, आणि दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घातली. तुला खरचटलं नाही. अण्णांना पट्ट्यानं वाचवलं. वन्संचं मनगट मोडलं. स्टेअरिंगनं हिसका दिला होता. आणि तू रस्त्यावर उभी राहून, थांबलेल्या गाड्यांतल्या लोकांसमोर ओरडलीस, "आत्या, तुझ्या हौसेपायी माझं पोर गेलं असतं!"

त्या हात पोटाशी धरून उभ्या होत्या. "चुकलं गं बाय माझं," म्हणाल्या. "स्क्रू मीच नीट घट्ट केला नसंल."

मी शेजारी उभी होते. माझं तोंड उघडलं नाही, शैले. आज उघडतेय.

तुझी प्रज्ञा सुखरूप जन्मली. पण वन्संचं मनगट वाकडंच जुळलं. तान्ह्या पोराच्या डोक्यातली शीर न चुकता शोधणारा हात तो, दुसऱ्या वॉर्डांतून बोलावणी यायची त्याला. तो थरथरायला लागला. त्यांना चादरी आणि गाऊनच्या स्टोअरला बसवलं. रिटायर होईपर्यंत तिथंच होत्या. एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. तू यायची असलीस की मागची सीट पुसून ठेवायच्या, आणि तू स्टँडवरून रिक्षा करून यायचीस. प्रज्ञा खिडकीतून बोट दाखवायची, "आजी, मला त्या गाडीत बसायचंय," आणि तू तिला आत ओढायचीस. वन्सं फडकं घडी करून खिशात ठेवायच्या. हे मी पाच वर्षं बघितलं. खाल्लेलं अन्न गोड लागत नव्हतं असं म्हणणार नाही, लागत होतं. माणूस कशालाही सरावतं. पण दमणूक होते. एक गोष्ट पोटात धरून ठेवायची म्हणजे दमणूकच…

अपघातानंतरही हवा काढायला मीच बसायची. वन्संनी स्टोअरमधल्या टाकाऊ हिरव्या कापडाची नवी उशी शिवली माझ्या पाठीसाठी, त्या वाकड्या हातानं. टाके हे इकडं, ते तिकडं. आणि एक नवीन सवय लागली त्यांना. गाडीखाली शिरायच्या आधी हटकून विचारायच्या, "वैनी, गॅसवर काय ठेवलंयस का?" मी म्हणायची, "न्हाई वो वन्सं." मला वाटायचं, वयानं काळजी वाढलीय बाईची. इतकी कशी गं मी खुळी?

शेवटची भेट दवाखान्याच्या त्या फोनच्या आदल्या दुपारची. पोटाच्या दुखण्यानं अंगाचं पार पाप्याचं पितर झालं होतं. हाताला सलाइन. पडल्या पडल्या नळीकडंच नजर. एक बुडबुडा अडकला होता. टिचकी मारायला हात उचलला, तो काही तिथपर्यंत पोचेना.

"वैनी, तू मार."

मी मारली. बुडबुडा वर गेला. त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी शेंगदाणं लय जळलं होतं, न्हाई?"

 "व्हय," म्हटलं.

"मी बघितला होता बुडबुडा. उलटा आत गेला. नळी माझ्याच हातात होती की."

"मग बोलला का न्हाईसा वन्सं? परत केलं असतं!"

"तू सकाळपासनं फुगलीवतीस. परत कर म्हणलं असतं तर म्हणली असतीस, ह्या बाईचं काय संपतच न्हाई. म्हणलं, ऱ्हाऊ दे, एका बुडबुड्यानं काय होतंय." दम लागला त्यांना, थांबल्या. "नर्स असून म्हणलं बघ मी असं. म्हंजे चूक माझीच की."

दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो, आणि दोघींनी मनात म्हटलेलंही तेच. मी म्हटलं, "शैलीला सांगते मी."

"नगं. आईवर रागावण्यापरीस आत्यावर रागावलेली बरी. सोयीचं हाय." आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. थोड्या वेळानं तसंच पडून म्हणाल्या, "पेज उद्या जरा पातळ आण."

आजवर वन्संचं पुष्कळ ऐकलं. हे एवढं ऐकणार नाही. शैले, चूक तुझ्या आईची. तुझी आत्या त्या दिवशी आपल्या सगळ्यांना डोंगराच्या बाजूला घेऊन गेली, स्वतःचा हात देऊन. तुला रागवायचं तर माझ्यावर रागव. पाच वर्षांचा राग साठलाय, तो सगळा आण, मी कुठं जात नाही.

गाडी मी विकणार नाही. पत्र्याखाली उभी आहे, टपावर धूळ बसलीय, आत हिरवी उशी जिथल्या तिथं. काल दार उघडून बसले जरा वेळ. पाय ठेवला तर ब्रेक मऊ लागतोय. पवारमामा म्हणाले, बरेच दिवस उभी आहे, तेल बदलून हवा काढावी लागेल. मेकॅनिक बोलवू का म्हणाले. मी नको म्हटलं. नळी आणि बाटली फळीवर धुऊन ठेवली आहे, स्क्रू कुठला ते मला माहीत आहे. पण माझ्यानं आता खाली झोपवत नाही, आणि एकटीनं व्हायचं हे काम नाही. ह्याच महिन्यात ये, प्रज्ञालाही आण. तू चाकाशी बस, मी आत बसते. गॅसवर काही ठेवणार नाही. तू 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलणार नाही.