वकिलाचे दात

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा खाली ठेवून हसा. मागं हेच ऐकताना माझ्या जावेच्या नाकातून चहा आला होता. तर सांगायचं म्हणजे, मी एकदा एका वकिलाचे दात बघितले. व्हय, दातच. भर कोर्टाच्या आवारात, आ करायला लावून.

माझा बाप घोडेगावच्या बाजारात बैलांचा दलाल. शाळेचं दार मी कधी बघितलं न्हाई, पण दातावरून बैलाचं वय सांगायची. फडक्याखाली हात घालून, बोटं दाबून सौदा कसा करतात तेही बापानं शिकवलेलं. एवढ्या विद्येवर माणसाचा सगळा संसार निभतो, असा माझा पक्का समज.

दुष्काळाचं साल. वैरण मिळेना, म्हणून आमचा चांद्या बैल कोपरगावकडच्या एका बागायतदाराला विकला. त्याच्याकडं उसाचं वाढं भरपूर, बैल निदान पोटभर खाईल म्हणून कारभाऱ्यांनी मनावर दगड ठेवला. आणि थोड्याच दिवसांनी सकाळी दार उघडून बघते तर काय? चांद्या अंगणात उभा. गळ्यात दाव्याचा तुकडा लोंबतोय. एवढा मुलूख तुडवत एकटा आला होता.

कारभारी त्याच्या गळ्यात पडून रडले. बापाच्या माराखालीसुद्धा डोळ्यातून टिपूस न काढणारा हा माणूस.

"दोन दिस राहू दे गं त्याला. मग मीच पोचवून येतो," म्हणाले, आणि चांद्याला मागच्या छपरात बांधून पुढं बांबूचा तट्ट्या आडवा लावला.

दोन दिवस कुठले? दुसऱ्याच दिवशी बागायतदार पोलीस घेऊन दारात. बैल छपरात सापडला. झालं, चोरीचा खटला! बैल आपल्या पायानं आला आणि चोर ठरले आमचे कारभारी. सरपंचांनी जामीन दिला म्हणून घरी तरी आले. पण तुरुंगात गेले असते तर घरात कोण? मी, म्हातारी सासू आणि दोन तान्ही लेकरं.

वकिलाला किती लागतात म्हणून गावात विचारलं, तर जेवढी तोंडं तेवढे आकडे. कुणी म्हणे शंभर, कुणी म्हणे दर तारखेला वेगळे. मी गळ्यातले सोन्याचे मणी मोडले, साठ रुपये पदराला बांधले आणि तारखेला आम्ही दोघं कोपरगावच्या कोर्टात.

कारभाऱ्यांना बाकावर बसवलं. म्हटलं, "तुमी गप बसा. बैल तुमी विकला, वकील मी घेते."

लिंबाखाली टेबल टाकून एक बारकुडा वकील बसला होता. कोटाची कोपरं विरलेली, आवाज तर शेळीला लाजवील असा. सगळ्या तारखा धरून तीस रुपये म्हणाला. मला तिथंच शंका आली. स्वस्तातला बैल एक तर बसका असतो, न्हाईतर मारका. मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. त्या झाडापर्यंत चालून दाखवा म्हटलं. बिचारा गोंधळून चार पावलं चालला.

"आता आ करा."

त्यानं केला की! एवढा शिकलेला माणूस, पण बाईनं ठासून सांगितल्यावर करतो काय? वरच्या दोन दाढा गेलेल्या.

"न्हाई जमायचं," म्हणून मी वळले. मागं बघितलं तर त्याचं तोंड अजून उघडंच.

बाप म्हणायचा, बैल उभा बघू नये, जुवाखाली बघावा. म्हणून मी कोर्टाच्या दारात जाऊन उभी राहिले. आत एक वकील खटला चालवत होता, काय सांगू! मान ही अशी भरलेली, आवाजानं वरची कौलं हलत होती. समोरच्या साक्षीदाराला घाम फुटला. म्हटलं, हाच. दात बघायची गरजच न्हाई.

तो व्हरांड्यात आला तशी मी त्याला आडवी गेले. भाकरीचं फडकं त्याच्या हातावर टाकलं, खालून पंजा धरला आणि चार बोटं दाबली. चाळीस. तो नुसता खांबासारखा उभा. मला वाटलं, वाढवून मागतोय. मी हात न सोडता त्याला सगळी हकीकत सांगितली. बैल कसा आला, कारभारी कसे रडले, छपरात कसा लपवला, तट्ट्या कसा लावला. वकिलापासून काय लपवायचं?

सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "बाई, माझा हात सोडा. मी सरकारी वकील आहे. तुमच्या मालकांच्या विरुद्ध मीच उभा राहणार आहे."

मी झटकन हात सोडला. नवऱ्याला तुरुंगात घालायचं सामान मी माझ्या हातानं त्याला बांधून दिलं होतं. वर बघते तर पलीकडं बागायतदार उभा, नजर आमच्या फडक्यावर.

आता जायचं कुणाकडं? गेले परत लिंबाखाली. मला बघून बारकुड्या वकिलानं आधी तोंड घट्ट मिटून घेतलं. मग सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, बैलाच्या गळ्यातलं दावं कुठं हाय? पोलिसांनी नेलंय म्हटलं. बरं म्हणाला.

खटला पुकारला तसा बागायतदार मधेच उठला.

"साहेब, ह्या बाईनं सरकारी वकिलाशी फडक्याखाली सौदा केलाय. मी डोळ्यानं बघितलं."

कोर्टात कुजबुज. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला पुढं बोलावून विचारलं, काय प्रकार आहे हा?

मी हात जोडले. "सौदा फिसकटला साहेब. त्यांना सरकारनं आधीच घेतलंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. लई वेळ पुसत होते. सरकारी वकील कागदात तोंड घालून बसला.

मग आमचा बारकुडा उठला. पोलिसांनी आणलेलं दावं त्यानं बागायतदारापुढं धरलं. ही गाठ कुणाची विचारलं. माझीच, मीच बांधली होती, असं तो छाती काढून म्हणाला.

"गाठ जशीच्या तशी आहे. आणि हे टोक बघा साहेब. सोडलेलं नाही, कापलेलं नाही. चावून चावून झिरमिळ्या झाल्यात. दावं चावून बैल नेणारा चोर मी अजून पाहिलेला नाही."

आवाज तोच, शेळीचा. पण सगळं कोर्ट कान देऊन ऐकत होतं.

साहेबांनी सरकारी वकिलाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं. बैल मुद्दाम छपरात लपवला होता, हे त्याला माझ्याच तोंडून कळलं होतं. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, मला काही विचारायचं नाही. फडक्याखालचं त्यानं फडक्याखालीच ठेवलं.

कारभारी सुटले. बैलाचं पुढं आमचं आणि बागायतदाराचं आपसात मिटलं.

बाहेर लिंबाखाली मी तीस रुपये पुढं केले.

"पस्तीस," वकील म्हणाला.

"तीस ठरले होते की."

"तीस खटल्याचे. पाच दात बघितल्याचे. आणि बाई, दात बघायचेच होते तर बैलाचे बघायचे. त्याच्याच दातांनी सुटला तुमचा मालक."

मी मुकाट पाच काढून दिले. तेव्हा तो पहिल्यांदा तोंडभर हसला, आणि मला दिसलं, खालची एक दाढ पण गेलेली. ती मी बघितलीच नव्हती.