एलियासच्या दारातला पेरू

वडीगोद्रीच्या फाट्यावर जीप उभी होती आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, काही केल्या यांचा हात सोडेनात. उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत अर्धं गाव निरोपाला आलं होतं. कुणी नारळ दिला, कुणी लोणच्याची बरणी. मामंजींनी दिलं ते एक वाक्य. "दत्ता, ज्याचं मीठ खाशील त्याला जाग. मालकाला दगा दिऊ नको." हे वाकून पाया पडले. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे लेकरांना हेच तर शिकवतात.

जाऊबाई, हे तुमच्यासाठी लिहितेय, आणि आपल्या भागातून जी जी माणसं परमुलखात गेली त्यांच्यासाठीही. सोन्यासारखी नोकरी मी लाथाडायला लावली, म्हणून घरात मला बरीच नावं ठेवली गेली. ठेवा. पण आधी ऐका.

त्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथला राष्ट्राध्यक्ष अजून खुर्चीवर आहे. त्याला स्वतःच्या शेतावर मक्याचं बियाणं तयार करायचं होतं आणि त्यासाठी जाणता माणूस हवा होता. जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत यांचं नाव होतं. असे आम्ही तिथे गेलो आणि पहिल्याच महिन्यात यांच्या तोंडी राष्ट्राध्यक्षाचे 'आमचे साहेब' झाले.

आम्ही पोचलो तेव्हा क्वार्टरमध्ये गॅस होता, पीठ होतं, मीठ नव्हतं. शेजारच्या घरातून मार्था वाटीभर मीठ घेऊन आली. तिचा नवरा एलियास शेतावरचा मुकादम. उंच गडी, हसला की डोळे मिटायचे. त्यांच्या दारात पेरूचं झाड होतं आणि घरात नुकतीच बसू लागलेली लेक, रूथ. यांनी शिकवलं म्हणून एलियास मला 'वहिनी' म्हणायचा. परक्या मुलखात ती हाक ऐकली की बरं वाटायचं. कधीकधी रडूही यायचं.

एका सकाळी साहेब शेतावर आले. बियाण्याच्या मक्यात मधूनच एखादं ताट, म्हणजे रोप, भलत्या जातीचं निघतं. तुरा फुटायच्या आत ते मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर सगळं बियाणं बाद. आपल्याकडे याला भेसळ काढणं म्हणतात. हे साहेबांना समजावत होते, "तण कुणालाही दिसतं, साहेब. भेसळ आपल्यासारखीच दिसते. ती ओळखायला नजर पाहिजे." साहेब खूश झाले. त्यांनी स्वतः एक ताट उपटलं, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो निघाला. फोटोत मागे एलियासही होता. तो फोटो गावी पोचला आणि फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यात एलियास कापून टाकलेला होता, फक्त हे आणि साहेब. पेढे वाटल्याचं तुम्हीच कळवलं होतं, जाऊबाई.

मग ते भाषण झालं. शेताच्या ऑफिसात टीव्हीसमोर सगळ्यांना बसवलं होतं. साहेब म्हणाले, "माझ्या भारतीय शेतकऱ्यानं मला एक धडा दिला. तण कुणालाही दिसतं. भेसळ आपल्यासारखीच दिसते." आणि पुढे म्हणाले, उत्तरेकडून आलेले लोक आपलीच भाषा बोलतात, आपलंच अन्न खातात. त्यांना तुरा फुटायच्या आत उपटलं पाहिजे.

मी वळून एलियासकडे पाहिलं. हे मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आगं, माझं वाक्य! साहेबांनी माझं वाक्य घेतलं!" ऑफिसात टाळ्या सुरू झाल्या. एलियासचे आजोबा उत्तरेकडचे होते. तोही टाळ्या वाजवत होता, जरा जास्तच जोरात.

पुढे उत्तरेकडचा दूधवाला यायचा बंद झाला. शाळेतले एक मास्तर दिसेनासे झाले. बाजारात बायका हळू आवाजात बोलायच्या आणि मला पाहिलं की गप्प व्हायच्या, कारण मी साहेबांच्या माणसाची बायको. घरी हा विषय काढला की हे खेकसायचे, "खालचे लोक करून राह्यलेत हे. साहेबांना पत्ताच न्हाई. कळलं तर एकेकाला सरळ करतील." यांच्यात खोट नव्हती, तीच पंचाईत. लबाड माणसाला भीती घालता येते, भक्ताला काय सांगणार?

एलियासच्या भावाला शिपाई घेऊन गेले, तेव्हा एलियासनं ठरवलं की बायको-लेकीला घेऊन हद्द ओलांडायची. जाण्याआधी यांना सांगायला आला. आला नसता तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "पळालास तर गुन्हेगार ठरशील. मी नेतो तुला साहेबांकडे. त्यांनी तुला शेतावर पाहिलंय. मी एक शब्द टाकला की बस."

स्वयंपाकघरात मी यांना अडवलं. "अहो, जाऊ द्या त्याला. तुम्ही मधे पडू नका."

"तुला साहेब माहीत न्हाईत."

"मला एलियास माहीत आहे."

"मंग त्याच्याच भल्याचं करून राह्यलो ना!"

सकाळी मार्थानं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. एलियास जीपमध्ये बसला. त्याच्या डोळ्यांत भीती होती, पण यांच्यावर भरवसाही होता. मला म्हणाला, "वहिनी, संध्याकाळी पेरू उतरवू, फार पिकलेत." जीप गेली आणि मी आणि मार्था दारात बसून राहिलो. रूथ खाली पडलेला पेरू चोखत होती.

ऊन कलायच्या आधी जीप परत आली. हे एकटेच होते, आणि हसत होते. "साहेब स्वतः बाहेर आले. माझी पाठ थोपटली. म्हणाले, चांगलं केलंस, तूच आणून दिलंस. चौकशी झाली की सोडणार." 'तूच आणून दिलंस' हे शब्द यांच्याच तोंडून निघाले, पण यांना ते ऐकूच आले नाहीत.

मार्था रोज दारात यायची. हे म्हणायचे, "साहेब बघतायत." एका पहाटे ती लेकराला पाठीशी बांधून हद्दीकडे निघून गेली. माझी शाल आणि माझा फोन नंबर तेवढा तिच्याजवळ होता. हे म्हणाले, घाई केली तिनं.

आमचे पासपोर्ट साहेबांच्या ऑफिसात होते. रजा मागायला हे तयार नव्हते. तेव्हा बाजारातल्या एका दुकानातून मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? "मामंजी सिरियस आहेत असा ऑफिसात फोन करा, का ते विचारू नका." मागून मामंजींचा आवाज आला होता, "मंग मारा मला. पण लेकरं घरी आणा."

त्या ऑफिसातला अधिकारी आमच्याकडे किती वेळ नुसता बघत होता. मग त्यानं खात्री करायला स्वतःच गावी फोन लावला. जाऊबाई, तुम्ही असा हंबरडा फोडलात की त्यानं रिसीव्हर कानापासून लांब धरला. शब्द त्याला कळले नाहीत, रडणं कळलं. तुमच्या त्या रडण्यावर आम्ही विमानात बसलो. हे रस्ताभर खरोखर रडत होते, कारण यांनाही मी काही सांगितलं नव्हतं.

घरी आलो तर मामंजी ओट्यावर बशीत चहा ओतून पीत होते. यांनी आधी बापाला मिठी मारली, मग माझ्याकडे वळले. "साहेबांना खोटं बोलून आलो मी! कोणत्या तोंडानं परत जाऊ?" रात्री जेवताना मी मामंजींना सगळं सांगितलं, एलियाससकट. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "दत्ता, मीठ तर त्या मुकादमाच्या घरचंबी खाल्लं व्हतं ना रे?" हे ताटावरून उठून गेले आणि माझ्याशी कितीतरी महिने बोलले नाहीत.

आता तीन वर्षं झाली, आम्ही जालन्यात राहतो. जुनीच कंपनी, भाड्याचा फ्लॅट, खाली पाण्याच्या टँकरचा गोंगाट. फाट्यावरचा तो फ्लेक्स आपल्या कडब्याच्या गंजीवर गेला होता. गावी गेलं की हे त्याचं वाऱ्यानं सुटलेलं टोक सुतळीनं बांधायचे, साहेबांचा चेहरा नीट वर ठेवून. मी बघायची आणि जळायची.

मार्था हद्दीपलीकडच्या छावणीत आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. आधी माझ्याशी बोलते, मग यांना विचारते, "काही कळलं?" हे म्हणायचे, "साहेब बघतायत." प्रत्येक रविवारी तेच. मला तो फोन वाजूच नये असं वाटायचं, आणि वाजला नाही तर जीव थाऱ्यावर नसायचा.

या हंगामात कंपनीच्या प्लॉटवर नव्या बायका कामाला आल्या. त्यांना भेसळ काढायला शिकवणं यांचंच काम. संध्याकाळी घरी आले ते बूट न काढताच बसले. म्हणाले, "तण कुणालाही दिसतं, इथवर बोललो. म्होरं तोंडातून शब्दच निघंना. त्या बाया माझ्याकडं बघत राह्यल्या." दुसऱ्या दिवशी गावी जाऊन यांनी गंजीवरचा फ्लेक्स ओढून काढला. कडबा भिजेल म्हणून तुम्ही ओरडलात. मामंजी म्हणाले, भिजू दे.

त्या रविवारी यांनी फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकर चालूच होता. मोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत बोलले, "मार्था, साहेब बघत नाहीत. साहेबांना सगळं माहीत होतं. एलियासला मीच नेऊन दिलं. तो आता यायचा नाही."

पलीकडे छावणीतली पोरं ओरडत होती.

मग मार्था म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. जीपमध्ये तुम्ही एकटे होता."

"मग दर रविवारी फोन का करत होतीस?" यांनी विचारलं.

"रूथ आता मोठी झाली, विचारते, आपलं घर कसं होतं. माझ्याकडे फोटो नाही. ते घर पाहिलेली दुसरी माणसं उरली नाहीत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण तिला सांगा."

तुम्ही विचारता ना, आता कायमचे घरी आलात ना म्हणून? आलो. पण आमच्या आठवणीत आणखी एक घर आहे, ज्यांचं आहे त्यांना ते दिसत नाही, आणि ते सोडून आम्हाला आता कुठे जाता येत नाही. मार्थानं फोन लेकीकडे दिला. डोळे पुसून हे सांगायला लागले, "रूथ, दारात पेरू होता. तुझे बाबा म्हणाले होते, संध्याकाळी उतरवू."