फरशीला सोडा, माणसाला पाणी

"मामी, आई गेली." संदेशचा फोन आला तेव्हा मी मरोळच्या बाजारात बोंबलांवरून भांडत होते. तोंडातून निघून गेलं, "कुणाशी भांडताना?" तो रडता रडता हसला. "नर्सशी. सुई नीट टोचत नाही म्हणून तिचा हात पिरगाळला... मग झोपली, ती उठलीच नाही." सुलूवन्सं, माझी थोरली नणंद, अशाच जाणार होत्या.

साकीनाक्याला त्यांचा गाळा. डॉक्टरांच्या कात्र्या, चिमटे, हाडात बसवायच्या पट्ट्या, असला स्टीलचा माल तिथे चकचकीत व्हायला यायचा. तांब्याच्या आकड्यांना टांगून गरम ॲसिडच्या टाकीत सोडायचा आणि करंट द्यायचा. करंट आधी धातूचे बारीक उंचवटे खातो, म्हणून आरशासारखी झळाळी येते. मग धुऊन नायट्रिकमध्ये बुडवायचा, म्हणजे गंज धरत नाही. आज मोठी शहाणी होऊन सांगतेय. मालवणहून नवी नवरी आले तेव्हा गुलाबी नायलॉनची साडी नेसून, गजरा माळून मी तिथे कामाला गेले होते! ॲसिडच्या वाफेनं आठवड्यात साडीची चाळण झाली. "उद्या घुंगरू पण बांधून ये," म्हणत वन्संनी गजरा ओढून कचऱ्यात टाकला, चार केसांसकट. त्यांचा हात फार लवकर उठायचा. "फरशीला सोडा, माणसाला पाणी," हे त्यांनी मला धपाटे घालून घालून शिकवलं. ॲसिड जमिनीवर सांडलं तर सोडा टाकायचा. अंगावर उडालं तर नुसतं पाणी, धो धो.

नवरा त्यांना मारायचा. पट्ट्यानं, वरवंट्यानं, हाताला येईल त्यानं... शेवटी तान्ह्या संदेशला काखोटीला मारून त्या आमच्याकडे राहायला आल्या. ते त्याला सोसलं नाही. एका दुपारी तो पिऊन, पहार घेऊन गाळ्यात शिरला. "घरी चल, नायतर सगळं फोडून टाकतो!" वन्सं हलल्या नाहीत. पहिला घाव त्यांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा टाकीवर. टाकी फुटली, तो घसरला आणि ॲसिडच्या लोंढ्यात आडवा झाला. माणूस तसा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

वन्संनी आधी गमबुटाची लाथ घालून मेन स्विच पाडला. मग धड असलेल्या हातानं त्याचे केस धरून त्याला मोरीकडे फरफटत नेलं. "पाणी आण गं!" आणि मी हुशार, सोड्याची गोणी घेऊन धावले! "त्याचा ढोकळा करायचाय काय, भवाने? पाईप!" मी पाईप दिला. त्याच्या छातीवर गुडघा रोवून त्या बसल्या. तो चावत होता, त्यांच्या मोडक्या खांद्यावर बुक्क्या मारत होता, आणि वन्सं कचकचीत शिव्या देत ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्यावर पाणी मारत राहिल्या. तो जगला. पुन्हा आमच्या वाटेला आला नाही.

हॉस्पिटलात मी विचारलं, "वन्सं, मरू का दिलं नाहीत मेल्याला?"

"माझ्या गाळ्यात मेला असता तर मी जेलात गेले असते आणि पोरगं माझ्या सासूकडे. वर भिंतीवर फोटो लावून त्याला हार घालायचा! त्यापेक्षा जगू दे भडव्याला... लांब."

दिवसकार्य उरकल्यावर मी गाळ्यात गेले. आता तो संदेश चालवतो. सकाळी करंट चालू करण्याआधी तो मोरीवरचा पंपाचा जाड पाईप पूर्ण सोडून बघतो; आईची सक्ती होती, एकही दिवस चुकवायची नाही. मी म्हटलं, "आण, मला धरू दे."

"मामी, नको, पडशील."

धरला. नळ सुटला तशी मी मागे ढकलली गेले, पाणी छताला लागलं, संदेशनं मला मागून सावरलं. दोन्ही हातांनी जीव खाऊन धरला तेव्हा कुठे पाईप सापासारखा फणा मारायचा थांबला.

वन्संचा तर त्या दिवशी एकच हात चालत होता.