गाण्यातला ‘स’

गल्लीत सगळे त्याला भिंगवाला म्हणत. धंदा कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून तोंडांचे साचे खोक्यात भरून यायचे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: वरची कवळी, दातांचा रंग अमुक, शुक्रवारपर्यंत हवी. तो साच्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि डोळ्याला भिंग लावून केसाएवढा फरकही घासून काढायचा. एकतीस वर्षांत त्यानं हजारोंना हसतं केलं, पण त्यातला एकही माणूस हसताना पाहिला नव्हता. माणसं दवाखान्यात, हा आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत. सोबतीला फक्त गाणी.

गाणी म्हणजे एकाच गायिकेची. सतराव्या वर्षी तिचं पहिलं गाणं ऐकलं आणि तो तिचा झाला. बायको लग्नानंतर वर्षभर तिच्यावर जळली, मग सवय झाली. पुढे गायिकेनं अचानक गाणं थांबवलं. नऊ वर्षं कुठे काही नाही. आणि एका सकाळी मोबाइलवर तिचं नवं गाणं आलं, व्हिडिओसकट.

व्हिडिओत एक रिकामं होत चाललेलं घर. ती कपडे पेटीत भरते, टेबलावरचा दुसरा कप पालथा घालते. जिन्यावरून कुणीतरी उतरतं, त्याची फक्त पाठ दिसते. आणि ती गाते, ‘सांडले शब्द, वेचायला थांबले, तू पुढे जा.’

गायिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, चारेकशे माणसांचा. एक ग्रंथपालबाई तो चालवायच्या. तिथे अर्थाचा नुसता पाऊस पडला. कुणी म्हणालं, नवरा गेला असणार. कुणी म्हणालं, मुलगा परदेशी निघालाय, पेटी बघा ना, नवी कोरी आहे. ग्रंथपालबाईंनी कपावर दोन पानं लिहिली.

भिंगवाला मात्र गप्प होता. गाणं आवडलं होतं, डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण कुठेतरी खडा लागत होता. त्यानं व्हिडिओ पुन्हा पाहिला, मग सावकाश चालवून पाहिला, मग मेण वितळवायचा दिवा विझवून, काम बाजूला सारून पाहिला. चौथ्या दिवशी खडा सापडला. कॅमेरा जवळ आला की बाई तोंड फिरवत होती. नाहीतर ओढणी ओठांवर. पूर्ण गाण्यात तिचे ओठ जवळून एकदाही दिसत नव्हते!

आणि तो ‘स’. तिचा जुना ‘स’ त्याच्या कानात पक्का बसला होता, रेशमावरून बोट फिरवल्यासारखा. ‘सांडले’मधल्या ‘स’ला बारीक शिट्टी होती. वयानं आवाज जाड होतो, कापरा होतो, हे त्याला कळत होतं. पण उच्चार बदलेल?

“ही ती नाहीच,” तो जेवताना बायकोला म्हणाला. “आवाज दुसऱ्या कुणाचातरी आहे. हिला नुसती उभी केलीय.”

बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर लोकांचे संशय ऐकून तिचे कान किटलेले असत. “अहो, सर्दी झाली असेल तिला.”

“सर्दीत नाक बंद होतं. शिट्टी वाजत नाही.”

“मग असू दे की शिट्टी. तुमचं काय अडलं?”

त्याचं अडलं होतं. आपल्याला कुणीतरी फसवतंय, तेही तिचं नाव पुढे करून, हे त्याला सहन होईना. त्यानं ग्रुपवर सविस्तर लिहिलं. कितव्या सेकंदाला तोंड फिरवलं, कितव्याला ओढणी आली, जुना ‘स’, नवा ‘स’, दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी जोडून. शेवटी लिहिलं, ‘हा आवाज तिचा नाही.’

तासाभरात ग्रुप पेटला. त्याला डोक्यावर घेतलं. ‘भिंगवाल्यांच्या नजरेतून काही सुटत नाही!’ ग्रंथपालबाई आपला कप विसरल्या. आठवड्यात ते लिहिणं ग्रुपबाहेर गेलं, कुठल्याशा बातमीत आलं, त्यावर लोकांनी टिंगलीचे व्हिडिओ केले. गायिकेचा पुढच्या महिन्यातला कार्यक्रम आयोजकांनी रद्द केला. ती काहीच बोलली नाही.

“बघ, बोलत नाही,” भिंगवाला म्हणाला. “खरं असतं तर बोलली नसती?”

बायको म्हणाली, “मी तरी नसते बोलले. कुणाकुणाला पुरावा द्यायचा?” आणि उठून गेली. त्यालाही त्या दिवशी घास गोड लागला नाही, पण कबूल कोण करणार?

मग एक कवळी परत आली. चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, ‘काका, एकदा स्वतः येऊन ऐका. कागदावर सांगता येत नाही.’

कवळी परत येणं त्याला अपमानासारखं वाटे. तो तणतणत गेला. खुर्चीत एक निवृत्त गणिताच्या बाई बसल्या होत्या. डॉक्टरबाईंनी कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि म्हणाल्या, “साठपासून मोजा बरं.”

“साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट…”

प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी. गणिताच्या बाई वैतागून म्हणाल्या, “वर्गात असते तर पोरांनी माझी वरात काढली असती. घरात तोंडावर पदर धरून बोलते मी.”

भिंगवाला दाराशीच उभा राहिला. त्याला व्हिडिओतली ओढणी आठवली.

“टाळूकडून जाड झालीय, जिभेला जागा पुरत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नव्या कवळीत होतं असं. काका, एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं का?”

“नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे येतात ती तोंडं बोलत नाहीत.”

त्यानं तिथेच कवळी टाळूकडच्या बाजूनं घासली. दोनदा घासल्यावर एकसष्ट स्वच्छ आलं. गणिताच्या बाई शंभरापर्यंत मोजत गेल्या, थांबेचनात.

आता सगळं लख्ख दिसत होतं. गायिकेचे वरचे दात गेलेले, आजारानं की पडून, देव जाणे. नऊ वर्षं त्यापायीच गेली की काय? आणि पुन्हा गायला उभी राहिली तेव्हा पहिला दगड यानं मारला, जो जन्मभर दातच बसवत आला होता.

“लिहून टाका ना ग्रुपवर,” सगळं ऐकून बायको म्हणाली.

“काय लिहू? तिला कवळी आहे म्हणून? तिनं ओढणीआड ठेवलंय ते मी चव्हाट्यावर मांडू?”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. बऱ्याच दिवसांनी त्याचं बोलणं तिला पटलं होतं.

त्यानं एवढंच लिहिलं, ‘माझी चूक झाली. आवाज तिचाच आहे. माझी खात्री पटली आहे. क्षमा मागतो.’

लगेच प्रश्न आले. कशावरून खात्री? पुरावा कुठाय? काल एक, आज एक? त्यानं कारण दिलं नाही. मग कुणीतरी लिहिलं, ‘यांना कुणीतरी गाठलेलं दिसतंय.’ ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच आता त्याचे जुने शब्द काढून भिंगाखाली धरले. त्याची पद्धत ते चांगलीच शिकले होते. रविवारी ग्रंथपालबाईंनी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

गायिकेला त्यानं बंद पाकिटातून पत्र पाठवलं. माफी मागितली, आपला धंदा सांगितला, आणि खाली लिहिलं की टाळूकडची बाजू किंचित पातळ करून घ्यावी, कुणीही जाणता कारागीर पाच मिनिटांत करेल. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही, याचा त्याला संशय होता. पोचलं असेल तर तिनं ते भीतीनं फाडलं असेल, असंही वाटे.

पाच महिन्यांनी तिनं एका लहान सभागृहात दुपारचा कार्यक्रम ठेवला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. भिंगवाला बायकोला घेऊन तिसऱ्या रांगेत बसला. गायिका आली, ओढणी नीट खांद्यावर होती, तोंडावर नव्हती. ‘सांडले’ म्हटलं आणि शिट्टी वाजली. तिनं काही घासून घेतलं नव्हतं. शिट्टीसकट ती गात होती, तोंड वर करून.

शेजारचा माणूस कुजबुजला, “टेप लावलीय मागे.”

“नाही,” भिंगवाला म्हणाला. “तीच आहे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माहीत आहे.”

त्या माणसानं त्याला खालीवर न्याहाळलं, आणि दोन खुर्च्या सोडून जाऊन बसला.

परतताना बायकोनं विचारलं, “मग आता त्या गाण्याचा अर्थ काय ठरला?”

त्याच्याकडे अर्थ होता. ‘तू पुढे जा’ हे ती आपल्या जुन्या आवाजाला म्हणते, असं त्याला हल्ली वाटत होतं. पण जिभेवर आलेलं त्यानं गिळलं. “तुला काय वाटतं?”

“मला? मला वाटतं, कुणाबरोबरतरी निघाली होती आणि चप्पल तुटली. म्हणाली, तू हो पुढे, मी येते.”

तो मोठ्यानं हसला. रस्त्यातली दोन माणसं वळून बघायला लागली. मग चालता चालता तो एकदम थांबला. व्हिडिओभर ती अनवाणीच होती. इतक्या वेळा बघून हे कसं लक्षात आलं नाही?

“काय झालं?” बायकोनं विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला, आणि जरा भरभर चालू लागला.