सासूबाईंचं ट्रोपोनिन

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. अकरा वर्षं झाली. घरचे मात्र मला अर्धी डॉक्टरच समजतात, आणि या कौतुकानंच माझी गोची केली.

सासूबाईंच्या लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि त्यांना आमच्याच आयसीयूत ठेवलं. अशा पेशंटच्या रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन आम्ही रोज बघतो. हार्ट अटॅकमध्ये ते वाढतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण संसर्गाचा ताण हृदयावर आला तरी वाढतं, आणि वाढतच गेलं तर पेशंटचं काही खरं नसतं. सासूबाईंचं दुसऱ्या दिवशी दुप्पट झालं. मी तेच सॅम्पल पुन्हा लावलं. पुन्हा तेच! मशीनचा असा राग आला की काय सांगू.

रिपोर्ट डॉक्टरांनीच सांगायचा, आम्ही तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. खाली नवरा डबा घेऊन बसला होता. "नॉर्मल हाय ना?" एवढंच विचारणार होता. जिना उतरायची हिंमत होईना.

तेवढ्यात बिडकीनहून थोरल्या दिरांचा फोन आला. एका लग्नातल्या मानपानावरून रुसून दोन वर्षं त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

"खरं सांगा, यावंच लागतंय का? का मला बोलवायचं नाटक हाय?"

"आजच निघा," मी म्हणाले. नियम गेला चुलीत.

ते आले आणि चार दिवस हलले नाहीत. भेटीच्या वेळेत आईचे पाय चेपायचे, बाकी वेळ बाहेरच्या बाकावर. इकडं आकडा उतरत गेला. चौथ्या दिवशी सासूबाईंनी चहा मागितला. मला रडू आलं.

"लई भारी बनवलंत मला," दीर म्हणाले. मी सगळे रिपोर्ट पुढं केले, तर त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "छापणारं मशीनबी तुमचंच." संध्याकाळी ते बिडकीनला निघून गेले. फोनही उचलत नाहीत.

परवा सासूबाईंचं रक्त घरीच घ्यायला बसले. दंडाला पट्टा बांधला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "व्हय गं, त्यो आकडा परत तसाच आणता येत नाय का? थोरला चार दिवस पायाशी बसला व्हता."

शीर समोर दिसत होती. मी ती शोधत राहिले.