एका बफरचा डबा

चोवीस वर्षांत मुंजाजी सुताराने रेल्वेच्या किती डब्यांना हात लावला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती आणि ती त्याला सलत होती. त्याने एकही डबा केला नव्हता.

परभणी स्टेशनाच्या यार्डात निजाम सरकारच्या रेल्वेचे मोडके मालडबे आणून बाजूच्या रुळावर उभे करत. मुंजाजी तिथला सुतार. एखाद्याची तळाची फळी कुजलेली असायची, एखाद्याचं दार निखळलेलं. मुंजाजीने ते नीट केलं, की डबा चालला मनमाडकडे, नाहीतर सिकंदराबादकडे. डबे यायचे ते अखंड, तयार, कुठल्याशा लांबच्या कारखान्यातून. याच्या वाट्याला मोडलेलं तेवढंच.

हे शल्य एकट्याचं असतं तर त्याने गिळूनही टाकलं असतं. पण पोखर्णीला घरी बाप होता. भुजंग सुतार. ऐंशीच्या घरातला, कमरेतून गेलेला, दिवसभर बाजेवर. जीभ मात्र पटाशीसारखी. एके काळी पंचक्रोशीत बैलगाडी म्हटलं की भुजंगाचंच नाव निघायचं. आता संध्याकाळी मुंजाजी आगगाडीतून उतरून दारात आला की बाजेवरून पहिला सवाल यायचा, "काय मुंज्या, आज काय लावलं? फळी का दार?"

"दार."

"लाव बाबा. ठिगळं लावणाराबी पायजेच की."

या घरात एक रीत होती. नवी बैलगाडी पुरी झाली, की बैल जुंपण्याआधी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या सुताराने जुवाला हात घालून ती दोन पावलं ओढायची, मग नारळ फोडायचा. पहिली ओढ म्हणायचे तिला. ज्या घरानं केली त्या घराच्या हातानं आधी हलली, की ती बैलाच्या मानेला जड होत नाही, असं भुजंगाचं म्हणणं. खरंखोटं बैलांना ठाऊक. भुजंगाने अशा कितीतरी गाड्या ओढल्या. मुंजाजीची एकही नाही, कारण मुंजाजीच्या हातून अखंड असं काही झालंच नव्हतं. आणि म्हातारा आता किती दिवसांचा, हे सगळ्यांना दिसत होतं.

अशात सन छत्तीसच्या श्रावणात गंगाखेडचे आबासाहेब मुंबईहून परतले. मोठे जमीनदार, आणि हौसेला मोल नाही या पंथाचे. भुजंगाच्या गाड्या त्यांच्या शेतांवर अजून चालत होत्या, म्हणून घरोबा. परभणीला गाडी बदलताना त्यांनी मुंजाजीला गाठलं आणि पुठ्ठ्याची एक पेटी त्याच्या हातात ठेवली.

"किल्लीवर चालणारी आगगाडी आणलीय, मुंजाजी. खेळण्यातली, पण इंजन, रूळ, सगळं हाय. ते पेंढ्यात बांधलंय, आता सोडता येत न्हाई. दुकानदार म्हणला डबे दोन तऱ्हेचे मिळतेत. एक तयार, रंगवलेले. अन् दुसरे निस्ते सुट्टे तुकडे, आपले आपण जोडायचे. म्हणलं, बघू तर खरं जोडण्यात काय मज्जा हाय."

"मग जोडा की, मालक."

आबासाहेब खो खो हसले. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी भिंतीत खुंटी ठोकली नव्हती. "तू जोड. दसऱ्याला माझ्या ओसरीवर चालवू. सगळे बघायला येतील."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुंजाजीने ओट्यावर धोतर पसरलं आणि पेटी त्यावर रिकामी केली. बोटाएवढ्या फळ्या, पत्र्याचं छप्पर, दोन आस, चार चाकं, दोन आकडे आणि चार बफर. बफर म्हणजे डब्याच्या तोंडाशी धक्का खायला असतो तो लोखंडी गोल. खरा ताटलीएवढा, हा हरभऱ्याएवढा. सोबत एक कागद होता. त्यावर डब्याचं चित्र आणि खाली मुंगीसारखं इंग्रजी.

मुंजाजी पाहतच राहिला. चोवीस वर्षं ज्याचं पोट खालून पाहिलं, तो डबा आज तळहातावर येणार होता. बायनाबाई, त्याची बायको, सुपातले तांदूळ पाखडता पाखडता जवळ आली.

"अवो, पण कापून दिलं दुसऱ्यानं, तुमी निस्तं चिटकवणार. मग ही गाडी तुमी केली म्हनायची, का त्यानं?"

प्रश्न साधा होता आणि नेमका वर्मी लागला. मुंजाजी म्हणाला, "चाकाची लोखंडी धाव लोहार देतो. तरी बैलगाडी सुताराचीच म्हनतेत ना?"

"धाव लोहाराची," बाजेवरून आवाज आला, "पण मोजमाप कुणाचं? सुताराचं. हितं मोजमापबी त्याचंच हाय. तू जुळवायलायस, करायला न्हाईस. पहिली ओढबिढ मनात आणू नको."

मुंजाजीच्या मनात तीच होती. तो ओशाळला. मग म्हाताऱ्यालाच राहवलं नाही. "चाक आण बरं इकडं."

मुंजाजीने आसावर घट्ट बसवलेली चाकांची जोडी त्याच्या हातात दिली. भुजंगाने एक चाक फिरवलं, तर दुसरंही फिरलं. त्याने डोळे बारीक केले. बैलगाडीत आस जागच्या जागी असतो आणि चाकं त्याच्यावर आपापली फिरतात. इथे सगळं एकजीव.

"आसबी फिरायलाय? मग वळणावर कसं? भाईरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागती. एक तरी घासटणारच."

चोवीस वर्षांत बापाने रेल्वेबद्दल विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मुंजाजीने दोन काठ्या बाजेवर शेजारी शेजारी ठेवल्या, जोडी त्यांवर मुद्दाम तिरकी सोडली. ती डुलत डुलत गेली आणि आपोआप मध्यावर आली. "चाक उतरतं हाय, बापू. आतून मोठं, भाईरून बारीक. वळणावर गाडी भाईरच्या अंगाला सरकती, मग भाईरचं चाक मोठ्या अंगावर चालतं, आतलं बारक्या अंगावर. वाट बरुबर होती."

भुजंगाने ती जोडी जेवणवेळेपर्यंत सोडली नाही. पुन्हा पुन्हा काठ्यांवर सोडायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "उतरतं केलंय. लय डोक्याचा माणूस असंल."

इकडे मुंजाजीचं काम झपाट्याने चाललं. सरस शिजवून फळ्या जोडल्या, छप्पर बसवलं. शेवटी बफर उरले आणि तिथे तो थबकला. डब्याच्या प्रत्येक तोंडाला दोन दोन भोकं होती, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्याने चित्र पाहिलं. डबा बाजूने काढलेला, आणि प्रत्येक तोंडाला बफर एकच. यार्डातले डबे आठवले. त्यांनाही एकच, बरोबर मध्यावर, आणि त्याच्याच डोक्यावर जोडणीचा आकडा. मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत जाणारा प्रत्येक डबा असाच. त्याच्यापुढची दुनिया मुंजाजीने पाहिलेली नव्हती.

"भोकं तर दोन हायेत," बायनाबाई म्हणाली.

"विलायतेचा सुतार चुकला असंल. चित्रात बघ की, एकच हाय."

आणि त्याने बाजूची भोकं लाकडाच्या खुंट्या मारून बुजवली, कानशीने साफ केली आणि सामता, म्हणजे दोरीने फिरवायचा गिरमिट, लावून मध्यावर नवं भोक पाडलं. आकडेही घासून, वाकवून बफरच्या डोक्यावर बसवले, अगदी यार्डातल्यासारखे. दोन बफर उरले. वाण्याने गुळाचा खडा वर टाकावा तसे दुकानदाराने टाकले असतील, असं समजून त्याने ते कोनाड्यात ठेवले. काम असं बेमालूम झालं होतं की त्याने स्वतःच दोनदा पाठ थोपटून घेतली.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आबासाहेबांच्या ओसरीवर निम्मं गंगाखेड जमलं. गोल रूळ मांडले. हिरवं इंजन पेंढ्यातून बाहेर निघालं. मुंजाजीने ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इंजनाच्या मागे दोन बफर होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये खाली लोंबती कडी. कडी इथे, आकडा तिथे. आबासाहेबांनी चारदा लावून पाहिलं. इंजन सुटलं, गरगर फिरलं. डबा जागच्या जागी. फेरी मारून इंजन मागून आलं आणि त्याने डब्याला असा धक्का दिला, की डबा रुळाबाहेर आडवा झाला. लोक पोट धरून हसले.

पाहुण्यांत तारमास्तर दिनकरराव होते, सिकंदराबादेत नोकरी करून आलेले. त्यांनी डबा उचलून पाहिला. "अहो, मोठ्या लाईनीच्या, रुंद रुळांवरच्या गाडीला दोन बफर असतात. मी रोज पाहायचो. आपली छोटी लाईन, म्हणून मध्ये एक. आणि चित्र बाजूनं काढलंय. बाजूनं पाहिलं तर दोनातला एकच दिसणार."

मुंजाजीचा चेहरा खर्रकन उतरला. आबासाहेब भले माणूस. म्हणाले, "असू दे रे. तयारच मागवतो. तयारात हा घोर न्हाई."

"दिवाळीच्या पाडव्यापत्तोर थांबा, मालक," मुंजाजी कसाबसा बोलला. निघताना त्याने डबा परत घेतला आणि सुतळीला गाठी मारून इंजनाच्या कडीची उंची आणि बफरमधलं अंतर तेवढं मोजून घेतलं.

सोपा उपाय समोर होता. खुंट्या काढायच्या, मधलं भोक बुजवायचं, उरलेले बफर लावायचे. त्याने पटाशी हातात घेतलीही. पण मग त्याला राग आला, स्वतःचाही आणि त्या हसणाऱ्यांचाही. ज्या डब्यांतून अख्खा मुलूख धान्य पाठवतो, तसा डबा केला तर तो खोटा कसा? आणि त्याला यार्डातली एक गोष्ट आठवली. वेगळ्या आकड्याचं एक इंजनाचं धूड एकदा आलं होतं, तेव्हा मध्ये दुतोंडी डबा घातला होता. एका तोंडाला त्याचा आकडा, दुसऱ्या तोंडाला आपला.

असा डबा कुठल्या पेटीत मिळणार नव्हता आणि कुठल्या दुकानात तयारही नव्हता.

मुंजाजी रोज कामावरून येऊन ओट्यावर उजेड असेपर्यंत बसू लागला. बापाच्या जुन्या कामातला तिवसाचा तुकडा चिरून फळ्या काढल्या. आसाला छत्रीची काडी. चाकं शिसवाची, सामत्याच्या दोरीने फिरवत कानशीने उतरती केलेली. तीन जोड्या वाया गेल्या, चौथी आणि पाचवी साधली. एका तोंडाला कोनाड्यातले दोन बफर आणि कडीला जुळणारा आकडा. दुसऱ्या तोंडाला एक, तो त्याने खिळ्याच्या डोक्यातून घडवला. या सगळ्या दिवसांत म्हाताऱ्याने "फळी का दार" विचारलं नाही. नुसता बघायचा.

पाडव्याला गंगाखेडात इंजन, मध्ये दुतोंडी आणि मागे एका बफरचा डबा अशी गाडी तीन फेऱ्या विनातक्रार फिरली, हे आधीच सांगून टाकतो. कारण मुंजाजीचा जीव त्या ओसरीवर नव्हता. तो आदल्या दिवशीच बापाच्या बाजेपाशी अडकला होता.

डबा पुरा झाल्यावर त्याने तो बापाच्या हाताशी ठेवला. भुजंगाने उलटा केला. चाकं फिरवली. सांध्यांवरून नख फिरवलं. मग दोन काठ्या मागून घेतल्या आणि डबा त्यांवर तिरका सोडला. डबा डुलला आणि मध्यावर आला.

"मोजमाप कुणाचं?"

"माझंच, बापू."

"दोरा दे."

बायनाबाईने गोधडीच्या दोऱ्याचा तुकडा तोडून दिला. भुजंगाने तो आकड्यात अडकवला, मग थांबला.

"अन् ती दुसरी कुठं हाय? फसलेली?"

"ती जुळवलेली हाय, बापू. तुमीच म्हनलावता."

"म्हनलोवतो. पण भोकं बुजवून तू तुझ्या मापानं पाडली न्हवं? तयार आणली असती तर चूक त्या विलायतेवाल्याची ऱ्हायली असती. ही चूक तुझी हाय. आण."

मुंजाजीने कोनाड्यातून डबा आणून मागे लावला. आकडे खट्‌ करून बसले. म्हाताऱ्याने दोन्ही कोपर बाजेवर टेकले आणि दोरा ओढला, आधी वीतभर, मग आणखी वीतभर. दोन्ही डबे त्याच्या छातीपाशी येऊन थांबले. मुंजाजी तोंड फिरवून उभा होता.

"बायना," भुजंग म्हणाला, "घरात नारळ हाय का बघ."