ताईने पाहिलेली टिबुकली

बसच्या स्टिअरिंगमागे त्याची एकतीस वर्षं गेली. तळ्याकाठच्या त्या गावात गाडी रोज पंधरा मिनिटं थांबायची. घाईघाईत चहा, टायरांवर एक नजर, की निघाला. पहाटेच्या फेरीला गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी तिथे उतरायची. "पाखरं बघायला एवढ्या लांब येतात, धन्य आहे!" म्हणत तो कंडक्टरबरोबर त्यांची टर उडवायचा.

निवृत्तीनंतर तोच ताईला घेऊन तिथे उतरला.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारी, आणि शिवताना मशीनपेक्षा जास्त आवाज करणारी. वर्षापूर्वी भावोजी गेले आणि तिच्या तोंडाला जणू कुलूप लागलं. दोन दिवस हवापालट म्हणून त्याने तिला जवळजवळ उचलूनच आणलं होतं. प्रवासात वळणावळणाला त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. ताई मात्र खिडकीबाहेर बघत गप्प.

लॉजच्या मालकीणबाईंनी आपली जुनी दुर्बीण त्याच्या हातात ठेवली. "पंपघराच्या मागून पायवाट निघते. फक्त घाई करू नका."

नेमकं तेच त्याला जमेना. सवयीने नजर शंभर पावलं पुढे, पाय त्याहून पुढे. सकाळचा तासभर गेला, पण दुर्बिणीत नुसता हिरवा धुरळा. शेवटी वैतागून त्याने ती ताईच्या हातात कोंबली आणि दगडावर बसकण मारली.

ताईने सुईत दोरा ओवताना मिटावा तसा एक डोळा मिटला आणि हळूहळू दुर्बिणीचं चाक फिरवलं. बराच वेळ गेला. मग तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"बाबू, बुडालं!"

"कोण बुडालं?" तो ताडकन उठला.

"अरे, पाखरू! बस खाली."

गवताच्या कडेला टिबुकली होती, एक तपकिरी, मुठीएवढं पाणपाखरू. बुडायची आणि भलतीकडेच वर यायची. ताई बोट रोखून म्हणाली, "आता त्या दगडापाशी निघेल बघ." टिबुकली दहा हात डावीकडे निघाली. "लबाड कुठली!" पुन्हा अंदाज, पुन्हा फजिती. चौथ्या खेपेला जमलं, तेव्हा ताई एवढ्या मोठ्यांदा हसली की टिबुकलीने घाबरून परत बुडी मारली.

तो तिच्या आणखी जवळ सरकून बसला.

एवढ्यात दुसरी टिबुकली संथ पोहत आली. तिच्या पाठीवरच्या पिसांतून दोन पट्टेरी डोकी वर आली.

"पिल्लं पाठीवर घेतलीत!" ताई कुजबुजली. मग म्हणाली, "ह्यांना दाखवायला हवं होतं रे."

वर्षभरात भावोजींचा विषय तिने पहिल्यांदाच काढला. आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. गुडघाभर पाण्यालाही ते कसे घाबरायचे, तरी लग्न ठरताना 'पट्टीचा पोहणारा' म्हणून कशी थाप मारली होती. एकीकडे डोळे पुसत होती, दुसरीकडे हसत होती. ऊन डोक्यावर आलं तरी दोघं तिथेच होते.

परतताना ताईने विचारलं, "उद्याची गाडी कितीची?"

"सकाळी सातची."

"सातची कशाला? पलीकडचा काठ कधी बघायचा मग?"

जेवण झाल्यावर तो तिकिटं बदलायला स्टँडवर गेला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "उद्या दुपारची देऊ की संध्याकाळची?"

त्याने क्षणभर विचार केला. "परवाची द्या."